नोकरकपात करायचीच असेल, तर यादी आधी फळ्यावर लावा

साखर कारखान्याची चिमणी थंडावली, की गावोगाव एकच चर्चा सुरू होते. यंदा घरी कोणाला बसवणार? ऊस कमी पडला, हंगाम आखूड झाला, बँकेचे व्याज डोक्यावर चढले, नवी यंत्रे आली, नाही तर कारखानाच भाड्याने दुसऱ्याच्या ताब्यात गेला. कारण कोणतेही असो, पहिली कुऱ्हाड नोकरांवर पडते. सूतगिरण्यांच्या कामगारांनी हे आधीच भोगले आहे. दूध संघ आणि खरेदी-विक्री संघ यांच्या कामगारांवरही ही पाळी येते.

खरे बोलायचे, तर आपल्या अनेक सहकारी संस्थांत माणसे गरजेपेक्षा जास्त भरली गेली. निवडणूक जवळ आली, की चिठ्ठ्या निघाल्या. एका खात्यात चार जणांचे काम आठ जण करू लागले. त्या पगाराचा बोजा शेवटी कोणावर पडतो? उसाच्या टनामागे शेतकऱ्याच्या हाती जे पडते, त्यातूनच तो जातो. तेव्हा कपात कधीच होऊ नये, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. संस्था बुडाली, तर सगळेच घरी बसतील.

पण कपात करायची हे ठरल्यावर ती कोणाची करायची, हा प्रश्न उरतो. आणि खरी गोम तिथेच आहे. संचालक मंडळाची बैठक संपते, चहा होतो, आणि मग दोन-चार जण आतल्या खोलीत बसून नावे काढतात. हा आपल्या गटाचा, याला राहू द्या. त्याच्या बापाने मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचा प्रचार केला, त्याला काढा. तो युनियनमध्ये फार बोलतो, त्यालाही काढा. अशा रीतीने भरती वशिल्याने आणि कपात रागाने, असा कारभार चालतो. ज्याने पंधरा वर्षे गव्हाणीवर धूळ खाल्ली तो घरी, आणि गेल्या साली चिकटलेला भाचा खुर्चीवर!

कायद्याचा साधा नियम

वास्तविक या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन एक साधा नियम आला. शेवटी आला, तो आधी गेला. म्हणजे ज्या वर्गात कपात करायची, त्या वर्गात जो सर्वांत शेवटी कामाला लागला, त्याला प्रथम कमी करायचे. फिटर जास्त झाले असतील, तर फिटरांची ज्येष्ठता पाहायची. कारकून जास्त असतील, तर कारकुनांची. फिटर जास्त म्हणून चिटबॉयला काढता येत नाही. आता तो जुना कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, पण हे तत्त्व संहितेतही जसेच्या तसे कायम आहे.

जुन्या कायद्याखाली राज्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. ज्या वर्गात कपात करायची, त्या वर्गाची ज्येष्ठता यादी कपातीच्या किमान सात दिवस आधी सर्वांना दिसेल अशा जागी फळ्यावर लावावी, असा तो नियम. या सात दिवसांचे मोल फार मोठे. आपली नेमणुकीची तारीख चुकीची पडली आहे, आपल्यापेक्षा नवा माणूस वर दाखवला आहे, हे कामगाराला त्या काळात कळते आणि हरकत घेता येते. कपात झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. सहकारी संस्थेने तर नियम सांगो वा न सांगो, एवढे करायलाच हवे.

रोजंदारीवरच्या लोकांना नेहमी सांगितले जाते, की तुमचे वर्षाला २४० दिवस भरले नाहीत, तेव्हा तुम्हाला हक्कच नाही. हे अर्धसत्य आहे. नुकसानभरपाईसाठी २४० दिवसांचा हिशेब लागतो. पण ज्येष्ठतेचा क्रम पाळण्यासाठी तशी अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पंजाबच्या वखार महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अपवाद आहे, पण कारण लिहून

आता कोणी म्हणेल, की नुसती ज्येष्ठता पाहिली, तर कामाचा तरुण पोरगा जाईल आणि कामचुकार म्हातारा राहील. हा आक्षेप खोटा नाही. बॉयलरवर परवानाधारक माणूसच लागतो, तो नवा असला तरी ठेवावाच लागेल. कायद्याने ही वाट बंद केलेली नाही. क्रम मोडायचा असेल, तर त्याचे कारण लेखी नोंदवा, एवढेच कायदा म्हणतो.

पण ते कारण ऐनवेळी शोधून चालत नाही. मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’ या वृत्तपत्राच्या छापखान्यातील कपातीचे प्रकरण १९६० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. ज्येष्ठ कामगाराला अकार्यक्षम किंवा बेभरवशाचा म्हणून आधी काढायचे असेल, तर त्याचा भक्कम पुरावा हवा, आणि तो शक्यतो त्याच्या सेवेच्या जुन्या नोंदींतच दिसायला हवा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. म्हणजे दहा वर्षे ज्याच्या सेवापुस्तकात एक ठपका नाही, तो कपातीच्या महिन्यात एकाएकी नालायक ठरू शकत नाही.

काही मंडळी सुचवतात, की प्रत्येकाला गुण द्या आणि कमी गुणांचे काढा. दिसायला हे आधुनिक दिसते. पण गुण देणार कोण? आपल्याकडे गुण देणाऱ्याला कोणाचे घर कोणत्या गटात हे आधीच ठाऊक असते. हजेरी, परवाना, प्रशिक्षण, लेखी शिक्षा अशा कागदावर दिसणाऱ्या गोष्टींचे गुण ठीक आहेत. ‘वागणूक’ आणि ‘निष्ठा’ यांना गुण द्यायला बसलात, की पुन्हा आतली खोली आलीच. एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने सांगितले, आणि नव्या संहितेच्या परिशिष्टातही ते आहे. हे चेअरमनसाहेबांनी ध्यानात ठेवलेले बरे.

हंगामी कामगार आणि गावचा फळा

साखर कारखान्यात निम्मा प्रश्न हंगामी लोकांचा असतो. गाळप संपले, की त्यांचे काम थांबते. ही कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सांगितले. सातारा जिल्ह्यातील कृष्णा कारखान्याच्या प्रकरणातही १९९७ साली हाच निर्णय लागला. एवढेच वाक्य पाठ करून व्यवस्थापन मोकळे होते.

पण मोरिंडाच्या निकालाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. हंगामात काम केलेल्या सर्वांचे रजिस्टर ठेवा. नवा हंगाम सुरू होताना ते लोक जिथे राहतात, त्या आसपासच्या गावांत जाहीर सूचना द्या. आणि जे हजर होतील, त्यांना ज्येष्ठतेप्रमाणे व कामाच्या गरजेप्रमाणे घ्या, असा तो आदेश होता. म्हणजे मागच्या हंगामाचा माणूस बाजूला सारून नव्याला गुपचूप घेता येत नाही.

इथे सरपंच आणि आपण अजून ज्यांना ग्रामसेवकच म्हणतो, ते ग्रामपंचायत अधिकारी यांचे काम येते. कारखान्याकडून हंगामी कामगारांची यादी मागवून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. गावात दवंडी द्या, मोबाइलच्या गटावर टाका. खर्च काही नाही. पण ज्याचे नाव आहे, त्याला वेळेत कळेल, आणि ज्याचे नाव गाळले, त्याला विचारता येईल. हाच न्याय आपल्या घरीही लावा. नवी बॉडी आली, की पाणी सोडणारा माणूस बदलायचा, ही पद्धत आपल्याच गावांत आहे ना?

हंगामी म्हणून आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. मोठ्या कारखान्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही अट १०० कामगारांपासून होती, नव्या संहितेत ती ३०० पासून आहे. पण हंगामी स्वरूपाच्या उद्योगाला हे परवानगीचे प्रकरण लागूच नाही. म्हणून साखर कारखान्यातील कामगारांनी वरून कोणी अडवील, या भरवशावर बसू नये. त्यांचा खरा आधार ज्येष्ठता यादी हाच आहे.

सही करण्याआधी

कपात झालीच, तर काय मिळते? एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. समजा, १६ हजार पगाराच्या फिटरची १२ वर्षे भरली. ढोबळमानाने त्याची भरपाई ९६ हजार रुपये होते. ग्रॅच्युइटी वेगळी. ती १५ भागिले २६ या हिशेबाने १ लाख १० हजारांवर जाते. हंगामी कामगाराला ग्रॅच्युइटी दर हंगामामागे सात दिवसांच्या पगाराने मिळते. नव्या संहितेप्रमाणे मालकाने कपात झालेल्या प्रत्येकामागे १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा आहे, आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायला हवी. भरपाई पुढच्या हंगामात बघू, हे चालत नाही. ती कपातीच्या वेळीच द्यावी लागते.

आणि इथेच सापळा आहे. कामगाराला ऑफिसात बोलावतात, पाणी देतात आणि एक कागद पुढे सरकवतात. त्यावर ‘स्वेच्छानिवृत्ती’ किंवा ‘राजीनामा’ असे लिहिलेले असते. एकदा सही झाली, की कायद्याच्या भाषेत ती कपात उरत नाही. मग ज्येष्ठता नाही, यादी नाही, पुन्हा बोलावण्याचा हक्क नाही. स्वखुशीने आणि पूर्ण हिशेब पाहून कोणी निवृत्त होत असेल, तर जरूर व्हावे. कपात टाळण्याचा तो चांगला मार्गही आहे. पण इच्छा कामगाराची हवी, चेअरमनची नको. कागद घरी आणा, चार माणसांना दाखवा, मग सही करा.

पुन्हा बोलावण्याचा हक्क म्हणजे काय? कपातीनंतर त्याच कामावर माणसे भरायची झाली, तर काढलेल्यांना आधी विचारले पाहिजे. जुन्या कायद्यात याला मुदत नव्हती. नव्या संहितेत एक वर्षाची आहे. तेव्हा काढलेल्या माणसाने आपला पत्ता आणि फोन लेखी देऊन पोच घ्यावी, आणि वर्षभर डोळे उघडे ठेवावेत.

सभासदांनो, मालक तुम्ही आहात

शेतकरी बंधूंनो, हे सारे कामगारांचे आहे, आपला काय संबंध, असे म्हणू नका. खासगी गिरणीत मालक एक असतो. सहकारी कारखान्याचे मालक तुम्ही आहात. चुकीच्या माणसाला काढले, तो कोर्टात जिंकला आणि मागच्या पगारासह परत घ्यावा लागला, तर ती रक्कम संचालकांच्या खिशातून जात नाही. ती तुमच्याच उसाच्या पैशातून जाते. शिवाय ज्याला काढले, तो तुमच्याच वाडीतला असतो. त्याच्या घरची चूल आणि तुमच्या घरची चूल एकाच धुराने ओळखली जाते.

म्हणून सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेत जेवणाच्या मांडवाकडे वळण्याआधी उठून पाच गोष्टी विचारा. कोणत्या खात्यात किती माणसे जास्त आहेत, हे कोणी आणि कशावरून ठरवले? कपातीआधी नवी भरती, जादा काम आणि ठेकेदाराची माणसे थांबवली का? ज्येष्ठता यादी फळ्यावर केव्हा लावणार? ज्यांचा क्रम मोडला, त्यांची कारणे लिहून ठेवली का? आणि भरपाईचे पैसे बाजूला काढले आहेत का? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. ओरडायची गरज नाही. पाच जण उठले, की सहावा उठतो.

चेअरमन आणि संचालकांनाही एक सांगणे आहे. माणसे कमी करणे हे कडू काम आहे आणि ते कधी कधी करावेच लागते. त्यात शिव्या मिळणारच. पण नियमाने काढलेला माणूस दैवाला दोष देतो. मनमानीने काढलेला माणूस तुमच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि त्याची पुढची पिढीही ते विसरत नाही. यादी फळ्यावर असली, की तुम्हालाही रात्री दहा फोन येत नाहीत. साहेब, नाव क्रमाने आले आहे, एवढे सांगून मोकळे होता येते. वशिल्याला नाही म्हणायला याहून सोपी ढाल नाही.

येत्या हंगामाआधी ज्यांना कपात करायची आहे, त्यांनी आजच रजिस्टर काढावे, नेमणुकीच्या तारखा तपासाव्यात आणि एक पान टाइप करून गेटवर डकवावे. एका पानाचाच प्रश्न आहे. ते पान लावायला जो कचरतो, त्याने नावे आधीच काढून ठेवली आहेत, असे सभासदांनी खुशाल समजावे.