पंचवीस फुटांची रेस

मे महिना, भंडारा, दुपारचे दोन. बँकेच्या दारापासून स्कूटीपर्यंत मोजून तीस पावलं. माझ्या मैत्रिणीला ती नागपूरइतकी लांब वाटतात!

वय ३१, आणि तिला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरवर रबर असतं तसं नसांवर मायलिनचं कव्हर असतं. इथे आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते आणि मेंदूची ऑर्डर पायापर्यंत धड पोचत नाही. आजार गाठतो तो बहुधा विशी ते चाळिशीत, मुलींना जास्त. म्हणजे आपलीच गँग, मंडळी.

निदान झाल्यावर घरच्यांनी तिला पलंगावर बसवलं. ‘नोको चालू बाप्पा, पडशीन!’ त्यांना काय बोलणार? कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा एमएसवाल्यांना व्यायाम टाळायलाच सांगत. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं होतं, की श्रम झाले की अशा रुग्णांना अंधूक दिसतं. खरी व्हिलन निघाली अंगातली उष्णता. कव्हर गेलेल्या नसेत, शरीर तापलं की सिग्नल अडखळतो. थंड झालं की गाडी पुन्हा रुळावर. त्रास होतो, पण तो तात्पुरता.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या संशोधकांनी रुग्णांना १५ आठवडे एरोबिक व्यायाम दिला, त्यांचा फिटनेस वाढला. २००९ मध्ये २२ अभ्यास एकत्र तपासले गेले, सुमारे ६०० रुग्णांचे. व्यायामाने चालणं सुधारतं, पण थोडंसंच. देखरेखीखाली केला तर जरा जास्त. चमत्कार वगैरे विसरा. गोळ्या-इंजेक्शनं चालूच ठेवायची आणि नवा अटॅक आला तर आधी डॉक्टर.

ही देखरेख मिळवणं हीच खरी कसरत. मुंबई-पुण्यात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीच्या शाखा आहेत. हिला फिजिओसाठी साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. म्हणून महिन्यातून एकदा तिकडे, बाकी घरीच. सकाळी साडेपाचला खांब तलावाकडे फेरी, मध्ये बसायचं, पुन्हा उठायचं. संध्याकाळी कूलरसमोर स्टॅटिक सायकल, मानेवर ओला रुमाल. एक दिवसाआड खुर्चीवरून उठ-बस आणि टाचा उचलणं. (हे दहा वेळा करून बघा. जिमची मेंबरशिप काढून न जाणाऱ्या मला तरी घाम फुटला.)

प्रोग्रेस मोजायला आहे पंचवीस फुटांची टेस्ट. पडवीत तिने खडूने दोन रेघा मारल्यात. एकीपासून दुसरीपर्यंत शक्य तितकं भरभर, पण तोल सांभाळून चालायचं. धाकटा भाऊ मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो. वेळ २० टक्क्यांनी घटली, तर सुधारणा खरी मानतात.

मार्चमध्ये लागले होते ११ सेकंद. परवा रात्री अकराला तिचा फोन.

‘अगं, नऊ!’

‘पार्टी!’

‘थांब ना. ८.८ पाहिजेत. आणि हे ऊन तर जूनपर्यंत हलत नाही.’

मागून भावाचा आवाज आला, ‘ताई, कूलरमध्ये पाणी संपलं.’