फ्री सर्व्हिसचं बिल

मंडळी, फ्री सर्व्हिसमध्ये फ्री असते ती फक्त मजुरी. ऑइल, फिल्टर बदलले तर पैसे आपलेच. इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या यादीबद्दल : इंजिन ट्रीटमेंट, एसी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग... अरे, ५००० किमी चाललेल्या इंजिनाला कसली ट्रीटमेंट? माझ्या जॉबकार्डवर हे सगळं न विचारता लिहिलेलं. नको म्हटलं तर उत्तर काय, "सर, वॉरंटीला प्रॉब्लेम येईल!"

कसला प्रॉब्लेम? मॅन्युअलमध्ये ज्याचं नाव नाही, ते केलं नाही म्हणून वॉरंटी जाईलच कशी? २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजना स्पेअर पार्ट्स न देणं आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणं, दोन्हींवर आयोगाने ताशेरे ओढले. कंपन्या अपिलात गेल्या, पण धमकी मात्र काउंटरवर अजून चालूच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. वॉरंटीत असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा, रेकॉर्ड राहतं. पण मॅन्युअल सोबत न्या, त्यात नाही ते खोडा, मगच सही करा. वॉशिंग, अलाइनमेंट घराजवळ करा. वॉरंटी संपली की जुना पार्ट काढून हातात देणारा मेकॅनिक शोधा.

आपल्या नाशकात महिंद्राच्या गाड्या बनतात, मायकोत (आताच्या बॉशमध्ये) डिझेलचे इंजेक्टर. आणि रिव्ह्यूशिवाय कोडची एक ओळ पुढे न सोडणारे आपण जॉबकार्ड न वाचता सही ठोकतो? कमाल आहे राव!