हुद्द्याबरोबर कामही कळवा



मे महिना आला की लॉ स्कूलमधून पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या बातम्या मंडळाकडे येऊ लागतात आणि बार परीक्षेचे निकाल लागले की त्यांत भर पडते. कुणाला मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी मिळालेली असते, कुणी न्यायाधीशांकडे क्लर्क म्हणून रुजू झालेले असते, तर काही वर्षांपूर्वी पदवी घेतलेले कुणी पार्टनर झालेले असते. या सगळ्यांचे मनापासून अभिनंदन! डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या पलीकडे फारसे न पाहणाऱ्या आपल्या समाजातली मुले कायद्याकडे वळत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या बातम्या आपण ज्या पद्धतीने कळवतो आणि छापतो, तिच्यात एक मोठी उणीव आहे. कॉलेजचे नाव, फर्मचे नाव आणि हुद्दा आपण आवर्जून लिहितो. तो वकील कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नावर काम करतो, हे राहूनच जाते. वकिली हा दुसऱ्याची बाजू मांडण्याचा व्यवसाय आहे. तिथे काम वगळून लिहिलेली यशाची बातमी अपुरीच राहते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या कायद्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या अभ्यासात येणारा गिडियन खटला पाहा. फ्लोरिडातल्या पनामा सिटी गावी 1961 साली एका पूल रूममध्ये चोरी झाली आणि क्लॅरन्स गिडियन या गरीब माणसावर आळ आला. त्याने वकील मागितला, तो मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला त्याचा अर्ज सुप्रीम कोर्टाने दाखल करून घेतला आणि त्याच्या वतीने युक्तिवाद करायला एब फोर्टस यांना नेमले. येल लॉ स्कूलचे हे माजी विद्यार्थी वॉशिंग्टनमधले नावाजलेले वकील होते. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असा एकमुखी निकाल 1963 मध्ये लागला. दोनच वर्षांनी फोर्टस सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. पण त्या निकालाने गिडियन सुटला नव्हता. खटला पुन्हा चालायचा होता. या वेळी फ्रेड टर्नर हे गावातलेच वकील त्याच्या बाजूने उभे राहिले. ‘मला इथून नेल्याचे कुणाला सांगू नकोस,’ असे गिडियनने बजावल्याचे त्याला तिथून नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने पहिल्या खटल्यात सांगितले होते आणि ते गिडियनला फार भोवले होते. टर्नर यांनी उलटतपासणीत एवढेच विचारले, की असे तो पूर्वीही म्हणाला होता का? टॅक्सीवाला उत्तरला, की तो नेहमीच तसे म्हणतो, त्याचे बायकोशी पटत नाही. ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवले. देशाचा कायदा बदलणे आणि एका माणसाला घरी पाठवणे, ही दोन्ही कामे वकिलीचीच. आपल्या आजच्या पद्धतीने बातमी मात्र फक्त फोर्टस यांचीच झाली असती.

शिवाय हुद्दा कामाच्या मागून येतो, कधी फार उशिरा येतो, तर कधी येतच नाही. रूथ बेडर गिन्सबर्ग 1959 मध्ये कोलंबिया लॉ स्कूलमधून वर्गात संयुक्तपणे पहिल्या आल्या, तरी न्यूयॉर्कमधल्या एकाही लॉ फर्मने त्यांना नोकरी दिली नाही. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी 1952 मध्ये स्टॅनफर्डमधून पदवी घेतली, तेव्हा त्यांना फर्मकडून सेक्रेटरीची जागा देऊ केली गेली. सरकारी वकिलाच्या कचेरीत त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम केले. पुढे दोघीही सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. पॉली मरे यांच्या वाट्याला तेवढी कीर्तीही आली नाही. हॉवर्ड लॉ स्कूलमधून 1944 मध्ये त्या पहिल्या आल्या, पण स्त्री म्हणून हार्वर्डने त्यांना पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश नाकारला. लिंगभेदाविरुद्धच्या 1971 च्या ‘रीड’ खटल्यात गिन्सबर्ग यांनी निवेदनाच्या मुखपृष्ठावर मरे यांचे नाव घातले, कारण त्यातल्या युक्तिवादाची वाट मरे यांनी आधीच घालून दिली होती. आपल्याला तर लांब जायचेही कारण नाही. डॉ. आंबेडकर 1922 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण 1927 च्या महाड सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा उभा राहिला. त्यात ते स्वतः प्रतिवादी होते आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत तो लढा चालला. बॅरिस्टर या पदवीला अर्थ आला तो अशा कामांमुळे.

यावर काहीजण म्हणतील, की मुलांनी भरमसाट कर्ज काढून तीन वर्षे शिक्षण घेतले आहे. चांगल्या पगाराची नोकरी मिळाली तर तिचे कौतुक का नको? कौतुक हवेच. कर्ज फेडणे आणि घराला हातभार लावणे यांत कमीपणा मुळीच नाही. मोठ्या फर्ममधले अनेक वकील गरजूंचे खटले विनामूल्य चालवतात, त्याचीही नोंद व्हायला हवी. पण पगाराचीच बातमी होत राहिली, तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींसाठी सरकारने दिलेली वकील, झालेल्या मुलीच्या आईवडिलांना तिची बातमी कळवताना संकोच वाटतो, आणि धाकट्या मुलांना ती वाट दिसतच नाही. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करून दहा वर्षांचे, म्हणजे 120, हप्ते भरणाऱ्यांचे उरलेले केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ करणारी योजना 2007 च्या कायद्याने आली. ही माहिती ज्या घराला वेळेवर मिळेल, तिथे निवड करताना भीती थोडी कमी होईल.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि तो रास्तच आहे. अशिलाची माहिती वकिलाने बाहेर सांगायची नसते आणि आम्हीही ती विचारणार नाही. मात्र भाडेकरूंना घरातून काढण्याचे खटले, आश्रयाचे अर्ज, मृत्युपत्रे, पेटंट किंवा कौटुंबिक हिंसाचार, यांपैकी आपण कोणत्या क्षेत्रात आहोत, हे सांगायला अडचण नसावी. मंडळाच्या दृष्टीने तर याचा सरळ उपयोग आहे. व्हिसाची नोटीस हातात पडलेल्या कुटुंबाला आपल्यातला कोण पार्टनर झाला, यापेक्षा ते काम कुणाला कळते, याची माहिती जास्त हवी असते.

म्हणून आमची विनंती आहे, की पुढच्या अंकासाठी बातमी पाठवताना हुद्द्याबरोबर दोन ओळी कामाविषयी लिहा. फर्म सोडून लीगल एडमध्ये गेलेल्यांनी, छोट्या गावात स्वतःची कचेरी थाटलेल्यांनी, सरकारी नोकरीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनीही आवर्जून लिहावे. या सगळ्या बातम्या आम्ही सारख्याच टाइपात, आडनावांच्या क्रमाने छापू.

आपले,
संपादक मंडळ