सुरी लावण्याआधी तपासणी : महाराष्ट्र वैद्यक परिषदेस खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई.



सांगली-पेठ रस्त्यावरच्या आष्ट्याहून हे पत्र लिहीत आहे. ऊस आणि हळदीच्या या पट्ट्यात बाईचं निम्मं आयुष्य वाकून भांगलण करण्यात जातं. ज्यांच्या स्तनांचा भार शरीराला पेलत नाही, त्यांची मान आणि पाठ कायमची धरलेली असते, आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल वळ पडतात, स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते. अशा बाईला स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया जरूर मिळावी. तिला हौस म्हणून हिणवणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की त्या स्तनांत कॅन्सर नाही ना याची तपासणी झाल्याशिवाय सुरी लागू नये, आणि ही गोष्ट एकेका सर्जनच्या मर्जीवर न सोडता परिषदेने परिपत्रक काढून बंधनकारक करावी.

या शस्त्रक्रियेत स्तनाचा काही भाग तुकड्या-तुकड्यांनी काढतात, उरलेला भाग फिरवून, उचलून नव्या आकारात शिवतात आणि स्तनाग्र वर नेऊन बसवतात. काढलेल्या भागात नंतर कॅन्सर निघाला, तर तो नेमका कुठे होता, त्याच्या कडा मोकळ्या होत्या का, आत किती उरला, हे सांगणं अवघड होऊन बसतं, कारण शेजारची सगळी जागा हललेली असते. मग जिथे फक्त गाठ काढून स्तन वाचला असता, तिथे पुष्कळदा पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला द्यावा लागतो. हाच कॅन्सर आधी कळला असता, तर काखेतल्या गाठींचा विचार करून, स्तन लहान करण्याच्या याच पद्धतीने गाठ काढता आली असती आणि दुसरा स्तन तिच्या मापाचा करता आला असता. ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया म्हणतात ती हीच. म्हणजे बाई ज्या इलाजासाठी आली तोच इलाज तिच्या कॅन्सरवरही लागू पडला असता. या सगळ्या विषयात मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

असं घडण्याचं प्रमाण फार थोडं आहे, असं यावर म्हटलं जाईल. ते खरं आहे. स्तन लहान करताना काढलेल्या भागात अचानक कॅन्सर सापडल्याचं प्रमाण निरनिराळ्या अहवालांत हजारी एकाहून कमी ते शंभरी चार-पाच इतकं वेगवेगळं आहे; बहुतेक ठिकाणी ते शंभरी एक-दोनच्या आतच आहे. पण हे आकडे बहुतांशी युरोप-अमेरिकेतले आहेत. ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येतं. तिथल्या सर्जनपुढे येणारी त्या वयाची बाई बहुधा आधीच तपासलेली असते. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत एकीचीही स्तनतपासणी कधी झालेली आढळली नाही. देशाचा आकडा 0.9 टक्के. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईचे स्तन पाच वर्षांतून एकदा हाताने तपासायचे आहेत. आशाताई घरोघर फॉर्म भरतात, पण फॉर्म भरणं आणि तपासणी होणं यात मोठं अंतर राहिलं आहे. त्याच देशात 2022 साली स्तनाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण अंदाजे 1 लाख 92 हजार आणि मृत्यू 98 हजार होते. तेव्हा परदेशी सर्जन ‘तपासणी झालीच असेल’ असं गृहीत धरू शकतो, आपला सर्जन धरू शकत नाही. त्याच्याकडची भेट ही त्या बाईच्या आयुष्यातली पहिली स्तनतपासणी असण्याची शक्यता मोठी आहे.

तपासणी म्हणजे दर वेळी महागडं यंत्र असंही नाही. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. मात्र तो अभ्यास सरसकट निरोगी बायकांच्या तपासणीचा होता. इथे प्रश्न एकाच बाईचा आहे, जिच्या स्तनांची रचना आपण स्वतःच्या हाताने बदलणार आहोत.

विशीतल्या मुलीची मॅमोग्राफी कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. कोवळ्या वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत फारसं दिसत नाही आणि उगाच घाबरवणारे रिपोर्ट येतात. तिच्यासाठी आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का याची नीट विचारपूस आणि डॉक्टरच्या हाताची तपासणी पुरे. काही लागलं तर सोनोग्राफी. चाळिशीपुढे, किंवा घरात आजार असेल तर त्याआधीही, मॅमोग्राफी व्हावी. तिचा खर्च शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चापुढे किरकोळ आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे व्रण आणि चुन्याचे कण पुढच्या मॅमोग्राफीत गोंधळ घालतात, तेव्हा तुलनेला हा जुना रिपोर्ट हाताशी राहतो. सोयीची सबबही आमच्या भागापुरती तरी टिकत नाही. आष्ट्याहून सांगली-मिरज तासाभराच्या आत आहे, आणि मिरज तर मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या काळापासून दवाखान्यांचंच गाव. स्तन लहान केल्याने कॅन्सरचा धोका कमी होतो, असं स्वीडन-डेन्मार्कच्या अभ्यासांच्या आधारे सांगितलं जातं. तो धोका पुढचा. आज आत असलेली गाठ त्याने नाहीशी होत नाही.

तपासणीतूनही काही निसटणारच. म्हणून परिपत्रकात दुसरी अट हवी : काढलेला सगळा भाग वजन करून, उजवा आणि डावा वेगळ्या डब्यांत, कोणता तुकडा कुठला हे खुणेने दाखवून पॅथॉलॉजीला जावा, आणि त्याचा रिपोर्ट मराठीत समजावून बाईच्या हातात पडावा. आधीच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष संमतीपत्रावरच नोंदवायची सक्ती केली, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाला आपणच मान्यता देता. त्यात हा विषय घालता येईल. आणि राज्यभर अशा किती शस्त्रक्रियांत कॅन्सर सापडला, याची नावं वगळून नोंद आपण मागवावी. बार्शीसारख्या ग्रामीण भागात 1987 पासून कॅन्सरची नोंदवही चालली आहे, तेव्हा मोजक्या सर्जनांकडून वर्षाकाठी एक तक्ता मागवणं परिषदेला जड जाऊ नये.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक नागरिक
आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली