मयत फंडाची वही

गेल्या आठवड्यात दादरला एका बैठकीला गेले होते. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी निधी उभा करायचा होता. मी एवढंच सुचवलं, की यातला थोडा वाटा ज्यांचं मूल गेलं त्या आईवडिलांसाठी बाजूला काढू. उत्तर आलं, "मॅडम, गेलेल्या मुलासाठी कुणी देत नाही. देणगीदाराला हसरा फोटो लागतो." आवाहनांतल्या अशा फोटोंवरून मी याआधीही भांडले आहे. पण या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास बिहार, बंगाल, विदर्भातून आलेली कुटुंबं दिसतात. मूल उपचार घेतंय तोवर त्यांना आधार आहे. सेंट ज्यूड्स २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देते. रुग्णांना मदत करणारी नाना पालकर स्मृती समिती आहे, महाराष्ट्रातल्यांना उपचारासाठी महात्मा फुले योजना आहे, मोबाइलवर केटो-मिलाप या निधी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांची आवाहनं आहेत. हे सगळं हवंच, आणखी हवं. पण मूल गेलं की आवाहन थांबतं. रेल्वेची सवलत रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला असते. रुग्णच उरला नाही तर सोबती कुणाचा? अँब्युलन्सवाला पाटण्याचा दर सांगतो. मेडिकलची उधारी तशीच असते, गावी जमीन गहाण असते, आणि बापाची रोजंदारी केव्हाच सुटलेली असते.

आमच्या लालबागच्या चाळीत कोकणातल्या गावांची मंडळं होती. प्रत्येकाचा मयत फंड असायचा. महिन्याला दरडोई थोडे पैसे जमायचे, आणि कुणी गेलं की खजिनदार तिरडी बांधायच्या आत घरात येऊन रोकड ठेवायचा. अर्ज नाही, दाखला नाही. त्या घरात चूल पेटायची नाही, म्हणून भात-पिठलं शेजारून यायचं. गावी जायच्या एसटीचे पैसेही त्या फंडातूनच. माझ्या वडिलांनी काही वर्षं ती वही सांभाळली. तान्ह्या मुलाचे दिवस घालत नाहीत, दहनही करत नाहीत, पुरतात. म्हणून एकाने विचारलं होतं, लहान मुलासाठी रक्कम कमी का धरू नये? वडिलांनी वही पुढे केली. सत्तरीच्या म्हातारीपुढे जो आकडा, तोच आठ महिन्यांच्या पोरापुढे. पुढे कुणी तो विषय काढला नाही.

त्या फंडाला यशाची गोष्ट लागत नव्हती. पैसे दिल्याने कुणी वाचणार नाही, हे देणाऱ्यांना ठाऊक होतं आणि तरीही गिरणीतला माणूस पगारातून देत होता. आज जास्त पगाराची माणसं देत नाहीत, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे कुणी मागतच नाही, अशी माझी खात्री आहे. आकडा माझ्याकडे नाही.

दादरच्या त्या बैठकीत कुणीतरी गाडगेबाबांचा दाखला दिला. १९२३ साली खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याचं कळलं, आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग मला वंदनीय आहे. पण मूल गेलेल्या बापाला तो ऐकवू नये. त्याने खंबीर व्हावं ही आपली सोय आहे, त्याची नव्हे. बाबांकडून घ्यायचंच तर धर्मशाळा घ्यावी. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात.

गणपतीची वर्गणी सुरू होईल. लालबाग-परळची मंडळं रुग्णांना मदत करतातच. त्यांच्या पावतीपुस्तकात एक वेगळा रकाना हवा, 'मूल गेलेल्या घरासाठी'. कुणाला द्यायचं ते हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या समाजसेविकेला नेमकं माहीत असतं. तिच्या हातात त्याच रात्री, कागद न मागता देता येईल अशी रोकड हवी.