स्वयंसेवी शिकवणी: पडदा की संवाद?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर मध्य प्रदेशात ‘डिजिलेप’ या शासकीय उपक्रमातून व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठांच्या चित्रफिती जाऊ लागल्या. स्वयंसेवी शिकवणीनेही, म्हणजे मोबदला न घेता शाळेबाहेर एखाद्या मुलाचा अभ्यास नियमित घेण्याच्या कामानेही, हीच वाट धरावी काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. त्याच राज्यातल्या बुरहानपूरसारख्या यंत्रमागाच्या शहरात ही वाट निष्फळच ठरते, असा एक पक्ष आहे.

या पक्षाचा आधार दुबळा नाही. सप्टेंबर 2020 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन आढळला. आणि घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे, कारण घरातला एकमेव फोन बहुधा कमावत्या माणसाबरोबर कामावर जातो. जानेवारी 2021 मध्ये मध्य प्रदेशासह पाच राज्यांत झालेल्या अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या अभ्यासात 92 टक्के मुलांनी आदल्या वर्षी अवगत असलेले निदान एक भाषिक कौशल्य गमावल्याचे दिसले.

मात्र या आकड्यांवरून सिद्ध होते ते साहित्य धाडण्याचे अपुरेपण. दूरच्या शिकवणीचे वैयर्थ्य त्यांतून निघत नाही. इटलीत 2020 मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून शाळकरी मुलांना आठवड्यातून काही तास एकास एक अशी ऑनलाइन शिकवणी दिली आणि मुलांची प्रगती चाचण्यांत दिसली. तेथे उपकरणांची सोय करून दिली होती, म्हणून ते उदाहरण इकडे जसेच्या तसे लागू पडणार नाही, असा आक्षेप रास्त आहे. पण बोत्सवानाचे उदाहरण त्याला उत्तर देते. तेथे साध्या फोनवर गणिताचे प्रश्न संदेशाने पाठवून दर आठवड्याला मुलाशी व पालकाशी थेट बोलले गेले, तेव्हा फरक पडला; नुसते संदेश गेले तेथे तसा ठोस फरक आढळला नाही. म्हणजे निर्णायक ठरला तो संवाद, उपकरणाची प्रत नव्हे.

म्हणून बुरहानपुरात शिकवणी दूरस्थ करताना चित्रफितींचा ढीग न धाडता वेळ घरच्या पाळीप्रमाणे, फोन घरी परततो तेव्हाची, ठरवावी आणि एका स्वयंसेवकाकडे मोजकीच मुले द्यावीत. ज्याच्या घरी मराठी वा कोरकू बोलली जाते आणि शाळेत हिंदी वा उर्दू शिकवली जाते, त्या मुलाला अडलेला शब्द घरच्या भाषेत उलगडून सांगणे फोनवरही शक्य आहे, मात्र ती भाषा जाणणारा स्वयंसेवक त्यासाठी निवडायला हवा. वर्गाची उणीव याने भरून निघत नाही, हे मान्यच करावे लागते. तरीही मूल भागाकारात कोठे चुकते हे ज्याने त्याच्याच तोंडून ऐकले, त्याने शिकवणी चालू ठेवली असे म्हणता येते, आणि ज्याने केवळ पाठ पुढे धाडला त्याने फक्त टपाल पोहोचवले.