‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे ठरत नाही, हा विज्ञानाचा महत्त्वाचा धडा तिच्यात आहे. तो विसरल्यास किती अनर्थ होतो, पाहा.

१९७४ साली लंडनच्या काही डॉक्टरांनी, डांग्या खोकल्याची लस टोचल्यानंतर आकडी येऊ लागलेल्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. लसीमुळे मेंदूला इजा होते, अशी भीती पसरली. ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी उसळल्या आणि त्यांत बालके दगावली.

मग ही आकडी कशामुळे? उत्तर मिळण्यास तीन दशके लागली. १९७८ साली फ्रान्समधील डॉ. शार्लोत द्राव्हे यांनी तान्ह्या मुलांतील एका तीव्र अपस्माराचे वर्णन केले. निरोगी दिसणाऱ्या बाळाला सहाव्या महिन्याच्या सुमारास, बहुधा तापात, पहिली आकडी येते. २००१ साली या रोगामागील जनुक सापडले. त्याचे नाव एससीएन१ए.

चेतापेशींच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांच्यामुळेच पेशीतून विजेचे संदेश धावतात. हे जनुक बिघडले की इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींची दारे नीट चालत नाहीत. लगाम सुटतो आणि मेंदूत विजेचे वादळ उठते. तीच आकडी.

ऑस्ट्रेलियातील डॉ. सॅम्युअल बर्कोविच, बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. इंग्रिड शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली, ज्यांच्या आजाराचे खापर लसीवर फोडले गेले होते असे १४ रुग्ण तपासले. त्यांपैकी ११ जणांच्या या जनुकात दोष आढळला. २०१० साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. लसीनंतर या मुलांना पहिली आकडी थोडी लवकर येऊ शकते. परंतु रोगाचा पुढील मार्ग, लसीनंतर आकडी आलेल्या आणि न आलेल्या मुलांत, सारखाच असतो. लस टाळून रोग टळत नाही.

माझ्या मते, खरे कारण शोधणे हीच येथे सर्वांत मोठी माणुसकी ठरली. ‘आपणच लस टोचून घेतली’ ही टोचणी आईबापांच्या मनातून गेली. हा दोष बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, बाळात नव्यानेच उद्‍भवतो, हेही कळले. उपचारही सुधारले, कारण सोडियमची दारे अडवणारी कार्बामाझेपीनसारखी औषधे या मुलांचा त्रास वाढवतात.

आपल्याकडे आकडी आलेल्या मुलाला अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवतात. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला जाते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास तातडीने दवाखान्यात न्यावे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला आलेच पाहिजे.